बंद माईकची बाजू

नेत्याचा माईक बंद करणं म्हणजे मुस्कटदाबी, असं मी वर्षानुवर्षं मानत आले. आणीबाणीच्या आठवणी ऐकत वाढले, त्यामुळे हे मत पक्कं होतं. बोलणाऱ्याला बोलू द्यावं, खरंखोटं लोक ठरवतील. त्यामागची एक गोष्ट मात्र मी कधी कबूल केली नव्हती: वाहिनीवर भांडण पेटलं की मला ते बघायला आवडायचं.

२९ सप्टेंबर २०२० रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार ट्रम्प आणि बायडन यांची पहिली वादचर्चा झाली. आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. ट्रम्प समोरच्याला वाक्य पुरं करू देत नव्हते. बायडनही चिडून उलट बोलत होते. सूत्रसंचालक क्रिस वॉलेस अक्षरशः विनवण्या करत होते, की दोन मिनिटं न अडवता बोलू द्यायचं हे तुमच्याच लोकांनी मान्य केलंय, मग पाळत का नाही? पण नियम मोडणाऱ्याला थांबवायचं कसं, याची सोयच नव्हती. तरीही माझं मत हललं नाही. मी वॉलेसनाच नावं ठेवली.

मत बदललं ते २२ ऑक्टोबरच्या नॅशव्हिलमधल्या चर्चेनं. माणसं तीच. नियमही तोच, फक्त या वेळी तो पाळून घेण्याची व्यवस्था होती: प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला एकाची दोन मिनिटं चालू असताना दुसऱ्याचा माईक बंद. सूत्रसंचालक क्रिस्टन वेल्कर यांनी ट्रम्पना विचारलं, सीमेवर ताटातूट झालेल्या ५०० हून अधिक मुलांचे आईवडील सरकारला सापडत नाहीत, ही कुटुंबं एकत्र येणार कशी? उत्तर सुरू झालं ते मुलांना आणणाऱ्या तस्करांपासून, टोळ्यांपासून. मग सीमा किती पक्की केली ते. मध्ये कोणी ओरडलं नाही. वेल्करनी पुन्हा विचारलं, काही योजना आहे का? प्रयत्न चालू आहेत, एवढंच हाती लागलं आणि गाडी परत टोळ्यांवर.

प्रश्नाला बगल दिलेली मला इतकी स्वच्छ ऐकू आली, कारण आजूबाजूला गोंगाट नव्हता. समोरचा मध्ये ओरडला असता, तर मीही त्या भांडणातच रमले असते आणि ती मुलं विसरले असते. याची मला लाज वाटते. इतकी वर्षं ज्याला मी बोलण्याचं स्वातंत्र्य समजत होते, तो उत्तर चुकवणाऱ्याचा आडोसा होता. आणि त्याची राखण माझ्यासारखे प्रेक्षकच करत होते.

माईक बंद केला की सगळं साधलं, असंही मला आता वाटत नाही. २७ जून २०२४ च्या अटलांटातल्या ट्रम्प-बायडन चर्चेत माईक बंद होते, प्रेक्षक नव्हते, वेळ काटेकोर होती. पण चुकीची विधानं सूत्रसंचालकांनी तशीच जाऊ दिली. नियम घड्याळापुरता राहिला तर नेता दोन मिनिटं शांतपणे खोटं बोलू शकतो.

आपल्या मराठी वाहिन्यांवर रोज संध्याकाळी चौकटी मांडून पाच-सहा जण एकदम बोलतात. संपादकांना माझी विनंती आहे: एका वेळी एकच माईक चालू ठेवा, आणि उत्तर आलं नाही तर तोच प्रश्न पुन्हा विचारा. प्रेक्षक कमी झाले तरी विचारा.