काळ्या दगडावरची रेघ

एखादी गोष्ट अगदी ठाम, कधीही न पुसणारी असली म्हणजे आपण तिला ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. बोलताना हा शब्दप्रयोग सहज तोंडी येतो, पण हा काळा दगड कोणता, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तो करायला लावला आमच्या मुलीने. ती सातवीत आहे. शाळेत तिला निरनिराळे दहा दगड जमवायला सांगितले होते. कुंडलिका नदीच्या पात्रातून आणि गल्लीच्या टोकाच्या खडीच्या ढिगातून तिने दहा दगड आणले खरे, पण दहाही काळे! ती हिरमुसून म्हणाली, “पप्पा, जालन्यात दुसरा दगडच मिळत नाही का?”

दुसऱ्या शनिवारी आम्हाला सुट्टी होती. आमच्या मावशीचे गाव भोकरदन तालुक्यात आहे आणि आईला बहिणीला भेटायचे होतेच. तेव्हा आई, मुलगी आणि आम्ही असे तिघे एसटीने निघालो. मुलीच्या पिशवीत दहा काळे दगड होते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सराफ्यात एक काम होते. ‘जालना सोने का पालना’ अशी म्हण आपल्याकडे जुनी आहे, पण कारकुनाच्या घरात सोने असते ते अडीनडीला मोडण्यापुरतेच. मुलीच्या शिकवणीचे पैसे भरायचे होते म्हणून पत्नीने कानातली जुनी फुले काढून दिली. सराफाने गुळगुळीत काळा दगड काढला आणि त्यावर फूल घासले. दगडावर पिवळी रेघ उमटली. शेजारी त्याने माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची दुसरी रेघ ओढली आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडला. हिणकस धातू तेजाबात विरघळतो आणि सोने टिकते. कोणती रेघ किती फिकी पडली ते पाहून त्याने कस सांगितला. आता हॉलमार्क आला, मोठ्या दुकानांत सोने तपासायची यंत्रेही आली, पण कसोटीचा दगड अजून गेलेला नाही. तो बारीक कणांचा, घट्ट असतो आणि तेजाबाला दाद देत नाही. म्हणून सोन्याचा खरेपणा त्याच्यावर उघडा पडतो. ‘कसोटी’ हा शब्द आपल्याला या दगडाने दिला. बौद्ध ग्रंथपरंपरेत तर बुद्धाचे वचनसुद्धा सोन्यासारखे कसाला लावून मगच स्वीकारावे, असे सांगितले आहे.

जालना सोडून गाडी राजूरच्या रस्त्याला लागली. बाजूला एक खडी केंद्र धुळीने पांढरे झालेले दिसले. मोठमोठे दगड यंत्राच्या जबड्यात जात होते आणि पट्ट्यावरून खडी पडत होती. बायामाणसे तोंडाला रुमाल बांधून काम करीत होती. आई खिडकीतून एकटक पाहत होती. मग नातीला म्हणाली, “आम्ही हे हातानं फोडलं गं.”

१९७२ च्या दुष्काळाची ती गोष्ट. मराठवाड्यात पाऊस नव्हता, शेतात काम नव्हते. सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते आणि तलाव यांची कामे सुरू झाली आणि हजारो हातांत हातोडे आले. आई तेव्हा नवीन लग्न झालेली होती. दिवसभर खडी फोडायची, ढीग मोजून घ्यायचा आणि वाटपातली सुकडी पदरात बांधून घरी यायचे. दगडाची कपची उडून तिच्या भुवईला लागली, त्याचा व्रण आजही आहे. मुलगी तो व्रण रोज पाहते, पण तो कशाचा हे तिला त्या दिवशी कळले. या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. आपल्या मायबहिणींनी फोडलेल्या काळ्या खडीवरून आज आपल्या गाड्या धावतात.

भोकरदनला उतरलो. केळना नदीच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन ‘भोगवर्धन’. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे रहिवासीही आहेत. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखातली माणसे दोन हजार वर्षांपूर्वी शेकडो मैल दूरच्या वालुकाश्माच्या स्तूपांना दान देत होती, हे ऐकून मुलगी चकित झाली. १९७३ साली येथे उत्खनन झाले, त्यात मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती वस्तू अशा कितीतरी गोष्टी सापडल्या. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती निघाली. पॉम्पेईची ती मूर्ती भोकरदनच्याच कारागिरांनी घडवली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

हे पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तो धागा धरून आम्ही मुलीला तिच्या पिशवीतल्या दगडांची गोष्ट सांगितली. आपला काळा दगडही ज्वालामुखीचाच. पण आपल्याकडे डोंगराच्या एका तोंडातून स्फोट झाला असे नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस वाहत राहिला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा. असे थरावर थर साचून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. या खडकाला शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. त्यात लोहयुक्त खनिजे असतात म्हणून तो काळा आणि वजनाला जड. चंद्रावर आपल्याला जे काळे डाग दिसतात तीही बेसाल्टचीच मैदाने आहेत. म्हणजे चंद्रावरचा डाग आणि आजीचा पाटा एकाच जातीचा! हे ऐकल्यावर मुलीची पिशवी एकदम मौल्यवान झाली.

केळनेच्या काठी याच खडकात कोरलेले एक वैष्णव लेणे आहे. आणि शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, याच काळ्या खडकात, अजिंठ्याची बौद्ध लेणी आहेत. लाव्ह्याचे थर आडवे आणि एकसंध असल्यामुळे पाथरवटांना छतापासून सुरुवात करून खाली कोरत येता आले. आधार म्हणून खांब त्यांनी खडकातच राखले. आधी दगड नीट पारखायचा, मग त्याला छिन्नी लावायची. भेग असलेल्या खडकाला कितीही हात जोडले तरी तो छत पेलत नाही, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते.

तेथून जीपने मावशीच्या गावी गेलो. गावाबाहेर एका विहिरीचे काम चालू होते. कामगारांनी मुलीला बाहेर पडलेला माल दाखवला. वर काळी माती, म्हणजे हाच दगड युगानुयुगे झिजून झालेली कापसाची जमीन. त्याखाली मुरूम. मग छिद्राछिद्रांचा मांजऱ्या दगड आणि त्याखाली कठीण काळा पाषाण, ज्याला सुरुंगच लावावा लागतो. मांजऱ्याच्या छिद्रांत पांढरे चमकदार स्फटिक होते. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पुढे पाण्यातून ही खनिजे जमली. मुलीला अकरावा दगड मिळाला, आणि तोही पांढरा!

गावाच्या वेशीवर शेंदूर लावलेला दगड आहे. शेंदराखाली तोही आपलाच बेसाल्ट. दगडाला मान देणे ही गोष्ट जगभर आहे. मक्केला काबागृहाच्या कोपऱ्यात चांदीच्या चौकटीत बसवलेल्या काळ्या दगडाचे हाजी भाविक चुंबन घेतात. नेपाळातल्या गंडकी नदीत सापडणारा शाळिग्राम घरोघर पुजला जातो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट नावाच्या प्राण्याचा तो दगड झालेला अवशेष आहे. कोणाच्या श्रद्धेची टिंगल करणे हा आमचा हेतू नाही. हात जोडल्याने कोणाचा जीव जात नाही. पण दगड औषध म्हणून अंगाला लागला की गोष्ट वेगळी होते.

ती गोष्ट मावशीच्याच घरातली आहे. २००० सालचा पावसाळा. आम्ही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मावशीचा थोरला मुलगा, आमच्याच वयाचा, जमिनीवर अंथरूण टाकून झोपला होता. रात्री त्याला काहीतरी चावले. दुखले फारसे नाही, सूजही नव्हती. अंथरुणाजवळ मण्यार दिसली. गावात एकाकडे ‘विष ओढणारा काळा दगड’ होता. तो आणून जखमेवर ठेवला आणि तो चिकटला. सगळ्यांना हायसे वाटले. पहाटे दगड गळून पडला. दुधात टाकला तर बुडबुडे आले. विष उतरले, असे सांगण्यात आले. पण तोवर त्याच्या पापण्या मिटू लागल्या होत्या, पोट दुखत होते, बोलणे जड झाले होते. जीप मिळून निघेपर्यंत उजाडले. वाटेतच त्याचा श्वास थांबला.

इतक्या वर्षांत मावशी यावर बोलली नव्हती. त्या दिवशी नातीच्या पिशवीतला एक दगड हातात घेऊन ती आम्हाला म्हणाली, “तो चिकटला होता रे, बाळा. म्हणून आम्ही थांबलो. नसता चिकटला तर लगेच निघालो असतो.”

तो दगड का चिकटतो, हे आता सांगितलेच पाहिजे. असे दगड बहुधा दगड नसतातच. जनावराचे हाड बंद भांड्यात जाळून, घासून ते तयार करतात. जळलेल्या हाडात बारीक छिद्रे असतात. ओल्या जखमेवर ठेवले की ती ओल शोषतात आणि तुकडा चिकटतो. ओल्या जिभेवरही तो तसाच चिकटतो. छिद्रे भरली की गळून पडतो. दुधात टाकला की छिद्रांतली हवा बाहेर येते, तेच ते बुडबुडे. विष जखमेच्या तोंडाशी थांबलेले नसते, ते शरीरात पसरू लागलेले असते. सतराव्या शतकात इटलीच्या फ्रान्चेस्को रेडी या वैद्याने प्राण्यांवर प्रयोग करून हे दगड निरुपयोगी ठरवले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातही सापाचे विष टोचलेल्या उंदरांना काळ्या दगडाचा उपयोग झाला नाही. मग काही माणसे वाचतात ती कशी? कारण पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी साप प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. वाचलेल्याचे श्रेय दगडाला मिळते आणि मेलेल्याचा दोष नशिबाला!

डोळ्यांच्या सुरम्याचेही असेच आहे. सुरम्याचा काळा खडा पुष्कळदा शिशाचे खनिज असतो, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. लेकरांच्या डोळ्यांत तो घालू नये.

एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मेली. बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी, जमिनीवर झोपणारी. म्हणजे आपलीच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस आहे. घोड्यांच्या रक्तापासून ती तयार करतात. मुंबईच्या हाफकिनने ती वर्षानुवर्षे बनवली आहे. साप चावला तर माणसाला धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये, जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये आणि तडक सरकारी दवाखाना गाठावा. सर्पदंश झालेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

निघताना मुलीने मावशीच्या ओसरीवरची भिंत दाखवली. चुलीतल्या कोळशाने तिथे मोठ्या अक्षरांत १०८ लिहिले होते. मावशीला लिहिता-वाचता येत नाही. रुग्णवाहिकेचा हा आकडा तिने शेजारच्या पोराकडून गिरवून घेतला आहे. दर दिवाळीला भिंत सारवते आणि पुन्हा लिहिते. गल्लीत कोणाला काही झाले की बोट दाखवते.

घरी आल्यावर मुलीने दगडांना चिठ्ठ्या लावल्या. नदीचा, खडीचा, विहिरीचा, मांजऱ्या, स्फटिक. शेवटी एका काळ्या दगडावर तिने खडूने १०८ लिहिले. आम्ही म्हणालो, “अगं, खडू पुसला जाईल.” ती म्हणाली, “पुसला की मी परत लिहीन. मावशीआजीसारखं.”