मुडदुशी आणि मुडदूस

परवा काकतीहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, येताना मुडदुशी मिळाली तर आणा. एक जूनला मासेमारी बंद झाली की मग दोन महिने काय मिळायची नाही." फोन ठेवला आणि मला हसू आले. याच शब्दावरून अठरा वर्षांपूर्वी त्या घरात तीन दिवस अबोला होता.

काकती म्हणजे बेळगावच्या उत्तरेला, महामार्गावरचे गाव. कित्तूरच्या राणी चन्नम्माचे हे माहेर. जवळून मार्कंडेय नदी वाहते. पण समुद्राचा मासा हवा तर तो घाट चढूनच यायला हवा. माझी मावशी पेडण्याची. लग्न होऊन ती काकतीला गेली. चारचौघांत ती बेळगावी मराठी बोलायची, कन्नडही कामापुरती यायची. पण माहेरच्या माणसाशी बोलताना कोकणीच.

मावसभावाला मुलगा झाला तेव्हाची गोष्ट. वहिनी निपाणीच्या, पण काही अडचणीमुळे बाळंतपण सासरीच झाले. बाळ जरा अशक्त होते. मावशीने मला पणजीला फोन केला. "येतना मुडदुशी हाड रे पुता. बाळंतिणीक जाय. भुरगें बारीक आसा." तिच्या मनात साधा विचार होता. बाळंतिणीने हलके, पौष्टिक खावे, अंगावर दूध यावे, म्हणजे बाळ बाळसे धरील.

आतल्या खोलीत खाटेवर पडलेल्या वहिनींनी यातले दोनच शब्द टिपले, 'मुडदुशी' आणि 'बारीक'. मुडदूस हा शब्द त्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेला. ड जीवनसत्त्व कमी पडले की हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, तो रोग. सासूबाई आपल्या लेकराला मुडदूस झाला असे माहेरच्या लोकांना सांगत सुटल्या आहेत, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. त्या दिवसापासून त्यांनी बाळाला मावशीच्या हाती दिले नाही, तेल लावायलासुद्धा नाही. मावशीला कारण कळेना. नातवासाठी हात शिवशिवत होते, पण विचारायचा धीर होईना.

चौथ्या दिवशी मी पोचलो. पणजीच्या बाजारात दोन वाटे घेतले होते, बर्फात घालून चोर्ला घाटातून कदंबने बेळगाव आणि पुढे काकती. घरात पाऊल टाकले आणि हवा जड लागली. मी सहज म्हणालो, "वहिनी, मावशीने सांगितलेली मुडदुशी आणलीय."

वहिनी दारात येऊन डब्यात बघत राहिल्या. "मासा व्हय हा?" एवढेच म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. सगळा उलगडा झाल्यावर मावशी उंबऱ्यावर मटकन बसली. "माज्या नातवाक हांव अशें म्हणीन गो?" वहिनी उठल्या, आतून बाळ आणले आणि तिच्या मांडीवर ठेवले.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुडदुशी वीतभर लांब, गोलसर अंगाची, निमुळत्या तोंडाची, वाळूच्या रंगाची. किनाऱ्याजवळच्या उथळ वाळूत आणि खाडीत राहते, चाहूल लागली की वाळूत घुसते. मांस मऊ, पचायला हलके. म्हणून आमच्या घरी आजाऱ्याला, लहान मुलाला आणि बाळंतिणीला हीच द्यायचे. काही ठिकाणी हिला नगली म्हणतात. मंगळूरकडे हीच काणे. हॉटेलच्या पाटीवर ती लेडीफिश होते, पण अमेरिकेत लेडीफिश म्हणून मागाल तर वेगळाच मासा पुढे येईल. शास्त्रीय नाव सिलागो सिहामा. यातले 'सिहामा' फोर्स्कोल या निसर्गअभ्यासकाच्या 1775 साली छापलेल्या ग्रंथातले. तो बिचारा त्याआधीच, 1763 साली, येमेनमध्ये वारला होता.

एक गंमत नंतर वाचनात आली. मुडदुसावरचा इलाज माशातच सापडला! 1919 साली मेलनबी या इंग्रज शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने हा रोग टळतो हे दाखवले. आमच्या मुडदुशीचा त्यात काही हात नाही; पण मावशीला हे सांगितले तेव्हा ती वहिनींकडे बघून म्हणाली, "बघ, मी म्हणत होते की नाही!"

रोज बेळगावची भाजी घाट उतरून गोव्यात येते आणि आमची मासळी घाट चढून तिकडे जाते. मासळी बर्फात टिकते. तिचे नाव मात्र घरात कोणी रोज उच्चारले तरच टिकते. मावशी जाऊन आता चार वर्षे झाली. पुतण्या कॉलेजात आहे, तो लेडीफिश म्हणतो. मासेवाल्यालाही काणे म्हटले तर लवकर कळते.

काकतीच्या त्या घरात मुडदुशी म्हणणारे आता एकच माणूस उरले आहे, आणि ते निपाणीचे आहे. या शनिवारी घेऊन जाणार आहे, दोन वाटे.