सोंगट्या घराबाहेर पडल्या

विकास जयस्वाल मूळचे पाटण्याचे. मुंबईत गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी केली, मग नवी मुंबईत स्वतःची ‘गेमशन’ काढली. 2016 मध्ये त्यांचा ‘लुडो किंग’ हा मोबाइल गेम आला, तोही फुकट.

त्यात नवं ते काय? चार रंग, सोंगट्या, एक फासा. आपल्या पचिसीवरून बेतलेला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात पेटंट मिळालेला डाव!

पण 2020 ची टाळेबंदी आली. अहिल्यानगरातली एखादी आजी आणि पुण्यात अडकलेला नातू व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कोड टाकून एकाच पटावर बसू लागले. सहा पडल्यावर सोंगटी सुटते, हे आजीला शिकवावं लागलं नाही. ‘लुडो किंग’च्या यशाचं खरं मर्म तिथंच आहे.

पुढे डाउनलोडचा आकडा 50 कोटींच्या पलीकडे गेला.