विभाग बदलून मेळात काय?

शाळांच्या जिल्हा स्पर्धा सुरू झाल्या की मला चार वर्षांपूर्वीची एक सफर आठवते. आमच्या मुलांचा १७ वर्षांखालील फुटबॉल संघ जिल्ह्यात पहिला आला होता. पहाटे कसालहून गाडी सुटली, कणकवलीवरून फोंडाघाट चढून कोल्हापूर. विभागीय स्पर्धा. सरांच्या मदतीला म्हणून मी पालक सोबत गेलो होतो.

पहिलाच सामना कोल्हापूरच्या मुलांशी. ज्या शहरात पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून वाहतं, तिथली पोरं ती. चालायला लागल्यापासून चेंडू पायात. आम्ही ६-० ने हरलो. जेवणाच्या डब्यांसकट दुपारी परतीच्या गाडीत.

राधानगरी मागे पडल्यावर आमचा गोलकीपर हळूच म्हणाला, "काका, आपलो विभाग बदलून मेळात काय?"

सगळे हसले. मीपण हसलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात. राज्यात आठ विभाग. सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात; सोबत रत्नागिरी, सांगली, सातारा. सांघिक खेळात विभागातून विजेता संघ राज्याला जातो, उपविजेता घरी. आणि हा फक्त कपाचा प्रश्न नाही. जितक्या वरच्या पातळीवर खेळाल तितके दहावी-बारावीला क्रीडा गुण जास्त. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याची वाटही मोठ्या पातळीवरूनच जाते. म्हणजे तुम्ही किती चांगले, यापेक्षा तुम्ही कुठल्या गटात जन्मलात यावर बरंच ठरतं.

हे दुखणं जुनं आहे. रणजी करंडक बघा. पूर्वी देशाचे पाच विभाग होते. मुंबई आणि महाराष्ट्र दोन्ही पश्चिम विभागात. विभागातला पहिला संघच बाद फेरीत जायचा. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने सलग १५ वेळा रणजी जिंकली. आता विचार करा, त्या काळात महाराष्ट्राकडून खेळणाऱ्याचं काय होत असेल. दुसऱ्या विभागात असता तर कदाचित दरवर्षी बाद फेरी. इथे शेजारी मुंबई, म्हणजे संपलं.

मग १९७०-७१ ला नियम बदलला. प्रत्येक विभागातून दोन संघ बाद फेरीत घेतले. आणि त्याच हंगामात अंतिम सामना कोणाचा झाला? मुंबई विरुद्ध महाराष्ट्र! एकाच विभागातले दोन संघ. मुंबईचे मोठे खेळाडू वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते, कर्णधार सुधीर नाईक. मुंबई जिंकली, पण फक्त ४८ धावांनी.

माझ्या मते या एका सामन्याने वाद मिटायला हवा होता. दार उघडल्याबरोबर दुसऱ्या नंबरचा संघ थेट अंतिम फेरीत येतो, याचा अर्थ एवढाच की कठीण गटातला दुसरा हा सोप्या गटातल्या पहिल्यापेक्षा भारी असू शकतो.

आजही ते संपलेलं नाही. २०२२-२३ ला मुंबई, महाराष्ट्र, सौराष्ट्र, आंध्र, दिल्ली, तामिळनाडू सगळे एकाच गटात. शेवटच्या सामन्यात ब्रेबॉर्नवर महाराष्ट्राच्या पहिल्या डावात ३८४ आणि मुंबईच्याही ३८४! सामना अनिर्णित, दोघंही बाहेर. त्या गटातला सौराष्ट्र पुढे जाऊन करंडक घेऊन गेला.

आता कोणी म्हणेल, मग दुबळ्या गटांना जागाच देऊ नका, सरळ बलवान संघ निवडा. हे बोलायला सोपं. मार्च २०२२ मध्ये प्लेट गटातून आलेल्या नागालँडवर झारखंडने एकूण १००८ धावांची आघाडी घेतली, तेव्हा अशी बोलणी खूप झाली. पण २०१०-११ ला राजस्थानही प्लेट गटातूनच वर आला होता. आपल्या पुण्याचा हृषीकेश कानिटकर कर्णधार. त्यांनी रणजी जिंकली, पुढच्या वर्षी परत जिंकली. आधीच "दुबळा गट" म्हणून दार लावलं असतं तर?

आणि "बलवान" कोण हे ठरवणार कोण? अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलमध्ये (आपला नव्हे, तो चेंडू हातात घेऊन पळायचा) हे काम १३ जणांची समिती करते. २०२३ ला फ्लोरिडा स्टेटचा संघ १३ पैकी १३ सामने जिंकून आपल्या गटाचा विजेता झाला, तरी समितीने त्याला शेवटच्या चारात घेतलं नाही. मुख्य खेळाडू जखमी आहे, आता हा संघ पूर्वीसारखा राहिला नाही, असं म्हणून एकेक सामना हरलेले संघ आत. केवढा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षापासून तिथे १२ संघ घ्यायला लागले, त्यात पाच जागा गटविजेत्यांसाठी पक्क्या, बाकी सात खुल्या. बदल आधीच ठरला होता, पण त्या पोरांसाठी एक वर्ष उशिरा आला.

मला वाटतं उत्तर यातच आहे. पक्क्या जागाही हव्यात आणि खुल्या जागाही. आठ विभागांचे आठ विजेते राज्याला जाऊ देत, ते कोणी काढून घेऊ नये. पण आठ उपविजेत्यांना आणखी एक सामना द्या. शेजारच्या विभागाच्या उपविजेत्याशी, एका दिवसात. चार सामने, चार संघ आत, एकूण बारा. समिती नको, चिठ्ठी नको, कोणाच्या साहेबाचा फोन नको. जे काय ते मैदानावर. आणि नियम स्पर्धा सुरू होण्याआधी कागदावर. खर्च वाढेल, एक-दोन दिवस शाळा बुडेल, मान्य. पण ज्या मुलाने वर्षभर घाम गाळला त्याला एक सामना जास्त मिळाला तर बिघडलं कुठे?

आता खरं बोलतो, नाहीतर ही पोस्ट नुसती रड होईल. हा नियम उद्या आला तरी आमची मुलं राज्याला जातील असं नाही. त्याचा फायदा बहुतेक कोल्हापूरकडच्याच दुसऱ्या संघाला होईल. आणि तो व्हायलाच हवा. कारण गाडीत बसून आम्ही आमच्या गटाला नावं ठेवत होतो तेव्हा मला आठवलं नाही की आमच्या जिल्ह्यात संघच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. दोन सामने जिंकून आम्ही विभागात पोचलो. त्याच वेळी कोल्हापुरात आमच्यापेक्षा कितीतरी चांगली पोरं आपल्याच शहरात हरून घरी बसली होती. आम्हाला मिळाली तीपण पक्की जागाच होती. ती आम्हाला हवी आणि दुसऱ्याला मिळाली की अन्याय, असं कसं चालेल?

गट कठीण आहे हे खरं. आपली तयारी कमी आहे हेही तितकंच खरं. पहिल्यासाठी नियम बदलायला हवा. दुसऱ्यासाठी मैदान हवं, वर्षाला दोन नाही तर वीस सामने हवेत. टेनिस बॉल क्रिकेटच्या एका रात्रीच्या बक्षिसात फुटबॉलचे किती चेंडू येतील, याचा हिशोब आपल्या मंडळांनी एकदा करून बघावा. हे कोणाला टोचलं तर टोचू दे.

तो गोलकीपर आता कॉलेजात आहे. भातकापणी झाली की रविवारी मळ्यात दहा-बारा पोरं गोळा करून शिकवतो. गेल्या रविवारी मी विचारलं, "काय रे, विभाग बदलून हवो काय अजून?"

म्हणाला, "नको काका. एकदा ६-० चे ३-० तर करूया."

आपल्या गावातल्या शाळेचा संघ विभागीय स्पर्धेला गेला असेल तर अनुभव खाली लिहा. हे सगळं एकत्र करून निवेदन द्यायचा विचार आहे. सह्या लागतील.