आपलं आउट आपणच सांगायचं!

दोस्तांनो, एक कोडं घालू? असा कोणता खेळ आहे, की ज्यात तुम्ही आउट झालात हे फक्त तुम्हालाच कळतं?

क्रिकेटमध्ये पंच असतो. लगोरीत चेंडू पाठीत बसला, की त्याचा आवाज साऱ्या गल्लीला ऐकू जातो. डबा ऐसपैसमध्ये ज्याच्यावर राज्य असतं, तो तुमचं नाव घेऊन ओरडतो. पण एअरसॉफ्टमध्ये यातलं काही म्हणजे काही होत नाही.

एअरसॉफ्ट म्हणजे खेळण्यातल्या बंदुकांची लुटुपुटीची लढाई. बंदूक दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी, पण तिच्यातून हवेच्या दाबाने सुटते ती प्लास्टिकची चिमुकली गोळी. जाडी 6 मिलिमीटर, वजन बहुधा 0.2 ग्रॅम. पेंटबॉलच्या खेळात गोळी फुटून अंगावर रंग उडतो, त्यामुळे लपवालपवीला जागाच नसते. एअरसॉफ्टच्या गोळीचा मात्र कपड्यावर डागसुद्धा पडत नाही. बाहीवर 'टप्' झालं, एवढंच. ते तुम्हाला कळतं. वीस-तीस मीटरवरून नेम धरणाऱ्याला कळेलच असं नाही!

या खेळाचा जन्म जपानमधला. तिथे खरी बंदूक बाळगण्यावर फार कडक बंधनं आहेत. म्हणून खेळणी बनवणाऱ्यांनी अशा नकली बंदुका काढल्या. 1991 मध्ये तोक्यो मारुई या कंपनीने बॅटरीवर चालणारी बंदूक आणली आणि खेळ आणखी पसरला. तिथे त्याला 'साबागे' म्हणतात. 'सर्व्हायव्हल गेम' या शब्दांचं ते जपानी लाडकं नाव.

नोकरीनिमित्त मी जपानमध्ये राहत होते, तेव्हा ऑफिसातल्या एका सहकाऱ्यांनी मला चिबा प्रांतातलं असं एक मैदान दाखवायला नेलं. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा खेळणार होता. मला वाटलं, पोचल्या पोचल्या धडाधड गोळीबार सुरू होणार. छे! आधी सगळ्यांना ओळीने उभं करून नियम सांगितले गेले. तेही कारणांसकट.

पहिला नियम डोळ्यांचा. मैदानाच्या जाळीच्या आत पाऊल टाकलं, की संरक्षक चष्मा हवाच. मुलांना तर अख्खा चेहरा झाकणारा मुखवटा. का माहीत आहे? मोठा चेंडू तोंडावर आदळला, तर भुवईचं आणि गालाचं हाड बराचसा मार झेलतं. पण 6 मिलिमीटरची गोळी त्या हाडांच्या मधून थेट डोळ्यावरच जाते. नंबरचा साधा चष्मा इथे कामाचा नाही, कारण कडेने गोळी आत शिरू शकते. मुखवट्याची काच घामाने धुरकट झाली, तरी ती मैदानात पुसायची नाही. बाहेर यायचं, मग पुसायची.

दुसरा नियम वेगाचा. प्रत्येक बंदूक यंत्रासमोर झाडून गोळीचा वेग मोजतात. जपानमध्ये 2005 च्या सुमारास काही महाभागांनी बंदुकांत फेरफार करून धावत्या गाड्यांवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर 2006 साली कायदाच झाला. मोठ्यांच्या बंदुकीची ताकद सुमारे 0.98 ज्यूलपेक्षा जास्त नको. मुलांच्या बंदुकांची मर्यादा त्याहून पुष्कळ कमी, 0.135 ज्यूल. आता हा हिशेब बघा. 0.2 ग्रॅमची गोळी 0.98 ज्यूलने सुटली, तर तिचा वेग होतो ताशी सुमारे 350 किलोमीटर! शोएब अख्तरने 2003 च्या विश्वचषकात टाकलेला सुप्रसिद्ध चेंडू होता ताशी 161.3 किलोमीटरचा. गोळी हलकी म्हणून त्वचेवर नुसती चुरचुरते. डोळ्यावर मात्र नुसती चुरचुरत नाही.

तिसरा नियम बंदुकीचा. विश्रांतीच्या जागेत येण्याआधी गोळ्यांची डबी काढायची, आत अडकलेली गोळी ठरलेल्या जागी झाडून टाकायची. "रिकामीच आहे हो!" हे वाक्य तिथे कुणी ऐकून घेत नाही. आणि येता-जाता बंदूक पिशवीत बंद. ती रस्त्यात दिसली, तर लोकांना ती खरीच वाटणार ना?

चौथा नियम, कुणाचा मुखवटा निसटला तर. ज्याला दिसेल त्याने "थांबा!" म्हणून ओरडायचं, सगळ्यांनी गोळीबार बंद करायचा. मुखवटा निसटलेल्याने दोन्ही हातांनी डोळे झाकून जमिनीकडे तोंड करायचं.

आणि पाचवा नियम, आपल्या कोड्याचा. गोळी लागली, की हात वर करून "हित्तो!" म्हणायचं आणि मुकाट्याने बाहेर पडायचं. 'हित्तो' म्हणजे इंग्रजीतलं 'हिट'. जो सांगत नाही, त्याला तिथे 'झोंबी' म्हणतात. मेला, तरी हिंडतोच आहे!

शेवटच्या डावात आमचा हा मुलगा टायरच्या ढिगाआड दबा धरून बसला होता. जिंकायला झेंडा हवा आणि झेंडा चार पावलांवर. तेवढ्यात त्याने हात वर केला. "हित्तो!" मला काही दिसलं नव्हतं, पंचालाही नाही. त्याचा संघ हरला.

नंतर मी त्याला म्हटलं, "अरे, कुणी पाहिलं नव्हतं की!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "पण मला लागली होती ना!"

पंच हे ऐकत होते. ते म्हणाले, "एकाने लपवलं, की समोरचा चिडून जवळून मारतो, एकाऐवजी दहा गोळ्या मारतो. मग दुसराही लपवतो. अपघात तिथूनच सुरू होतात." बघा हं, म्हणजे रडीचा डाव नुसता वाईट नाही, तर धोक्याचाही असतो!

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे असली मैदानं? पण जत्रेत, बाजारात मिळणारी ती प्लास्टिकच्या गोळ्यांची स्वस्त बंदूक तुम्ही पाहिलीच असेल. तिच्या गोळ्याही बऱ्याचदा 6 मिलिमीटरच्याच. ती घेऊन जिन्यात, गच्चीवर मुलं एकमेकांवर नेम धरतात, आणि डोळ्यांवर काय? काहीच नाही! तिचा वेग तर कुणीच मोजलेला नसतो. म्हणून ती माणसावर, कुत्र्यावर, पाखरावर रोखायची नाही. पुठ्ठ्याचं खोकं ठेवा, मागे जुनी चादर टांगा आणि त्यावर नेम धरा. तेव्हाही डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, कारण गोळी उलटून येऊ शकते. आणि चुकून कुणाच्या डोळ्याला लागलीच, तर डोळा चोळू नका, दाबू नका. मार बसेल या भीतीने लपवू तर मुळीच नका. ताबडतोब मोठ्यांना सांगा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. वेळ गेला, तर नजरही जाऊ शकते.

खेळ कुठलाही असो, लगोरी असो नाहीतर साबागे. लागलं, की कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघत बसू नका. हात वर करा!