हरवलेली फाईल आणि माझी चूक

बालमित्रांनो, वर्गातली खडूची पेटी सापडली नाही की आपण काय विचारतो? "कुणी घेतली?" ती कुठं राहिली असेल, हे विचारायचं मात्र आपल्याला सुचत नाही. माझंही एकदा तसंच झालं. तीच गोष्ट आज सांगतो, जरा लाजतच!

औशाजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेत एक जुना कॉम्प्युटर आहे. तो बिघडला म्हणून दुरुस्तीला दिला. परत आला तो अगदी चकचकीत होऊन. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायला मिळायचा. त्या दिवशी चौथीतल्या एका मुलाची पाळी होती. बिचारा आठवडाभर वाट बघत होता. त्यानं खेळ सुरू केला, तर शर्यतीऐवजी पडद्यावर इंग्रजीत एक पाटी आली.

"काय रे, काय उडवलंस?" मी ओरडलो.

"मी काहीच केलो नाही ओ, गुरुजी."

माझा विश्वास बसला नाही. पुढच्या शनिवारी शाळा सुटताच तो दप्तर उचलून सरळ घरी गेला. कॉम्प्युटरकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. ते मला लागलं. संध्याकाळी मी ती पाटी नीट वाचली. तिच्यात लिहिलं होतं, 'डी३डीएक्स९_४३.डीएलएल' ही फाईल सापडत नाही.

डीएलएल म्हणजे डायनॅमिक लिंक लायब्ररी. हे काय प्रकरण आहे? सोपं आहे बघा. गावात लग्न निघालं की प्रत्येक घर मोठाल्या कढया, पराती विकत घेतं का? नाही. गावाची सामाईक भांडी असतात, ती आणायची. कॉम्प्युटरमध्येही चित्र काढणं, आवाज काढणं अशा कामांच्या सामाईक फाईली असतात. अनेक खेळ त्याच वापरतात. भांडीच नसतील तर पंगत कशी उठणार?

मग आमची भांडी गेली कुठं? दुरुस्तीत सी ड्राइव्ह पुसून नवं विंडोज भरलं होतं. खेळ डी ड्राइव्हवर होता, तो राहिला. सामाईक फाईली मात्र सी ड्राइव्हवर होत्या, त्या पुसल्या गेल्या. ही फाईल मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सच्या जुन्या संचातली. नव्या विंडोजबरोबर ती आपोआप येत नाही. म्हणजे त्या पोरानं खरंच काही केलं नव्हतं!

आता उपाय ऐका. इंटरनेटवर 'एवढी एकच फाईल फुकट घ्या' म्हणणाऱ्या जागा पुष्कळ. मीही आधी तिथंच गेलो. फाईल उतरवली आणि अँटिव्हायरसनं लाल खूण दाखवली. आपल्या औशाच्या भुईकोट किल्ल्याला भोवती खंदक आहे ना? पण आतल्यानंच अनोळख्याला दार उघडलं, तर खंदक काय करील?

म्हणून फाईल तिच्या मालकाकडूनच घ्यावी. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साईटवर डायरेक्टएक्सचा जून २०१० चा संच फुकट मिळतो. त्यात २४ पासून ४३ क्रमांकापर्यंतच्या अशा सगळ्या फाईली आहेत. पाटीवर 'एमएसव्हीसीपी१४०' किंवा 'व्हीसीरनटाइम१४०' असं नाव असेल, तर 'व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल' हा संच घ्यावा. त्याचे 'एक्स८६' आणि 'एक्स६४' असे प्रकार असतात. ६४ बिटच्या विंडोजवर दोन्ही भरावेत, कारण जुने खेळ बहुधा ३२ बिटचे असतात. फाईल खेळाची स्वतःचीच असेल, तर अँटिव्हायरसनं ती बाजूला काढून ठेवली आहे का ते बघावं, नाहीतर खेळ पुन्हा इन्स्टॉल करावा. आणि हो, हे सगळं मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करायचं, बरं का!

सोमवारी मी सगळ्या वर्गासमोर त्या मुलाला म्हणालो, "बाळा, चूक माझी होती. मी पाटी न वाचताच तुला रागावलो." तो खाली बघत राहिला. मग हळूच विचारलं, "गुरुजी, मग खेळ चालू झाला काय?" त्या दिवशी शनिवार नव्हता, तरी शाळा सुटल्यावर पहिली शर्यत त्यानंच खेळली.

तेव्हा दोस्तांनो, अशी पाटी आली तर घाबरून 'ओके' दाबून टाकू नका. काय हरवलंय त्याचं नाव तिथंच लिहिलेलं असतं, ते वहीत उतरवून घ्या. आणि आई-बाबांनो, घरातला कॉम्प्युटर अडला, तर पोरावर डोळे वटारण्याआधी ती पाटी एकदा वाचा. फाईल परत मिळते हो, पण पोराचा रुसलेला विश्वास कुठल्याच साईटवर मिळत नाही!