मुक्कामी गाडी

पहाटे साडेपाचला मुक्कामी गाडीचं इंजिन घुरघुरलं की पाटण तालुक्यातल्या त्या डोंगरकुशीतल्या गावात चुली पेटायच्या. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात पथारी टाकत. त्यांची भाकरी-आमटी कुणाच्या ना कुणाच्या घरून जायची.

पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर 1 जून 1948 रोजी धावली. या गावाला तिची वाट बरीच वर्षं पाहावी लागली.

गावातल्या एका मुलीला आठवीत अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास मिळाला. मुख्याध्यापकांचा शिक्का, फोटोत दोन वेण्या. आईनं जुनं प्लास्टिक कापून त्याला पिशवी शिवली.

दहावीच्या पावसाळ्यात घाटरस्ता खचला. रस्ता पुढे नीट झाला, मुक्काम मात्र परतला नाही. अकरावीचे तास सकाळी सातला आणि गावातली पहिली गाडी साडेनऊला! वडाप होतं; पण जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि तिथं पास चालत नाही. रोजचं भाडं आईच्या खुरपणीच्या मजुरीतून जायचं. वर्षभर ओढलं, मग नाव काढलं. मुलगे कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून गेले. मुलीला अंधारात चार किलोमीटर फाट्यापर्यंत कोण एकटं धाडणार? पुढे कापडाच्या दुकानात काम मागितलं, तर मालकानं मार्क विचारलेच नाहीत. विचारलं एवढंच, "येणार कशानं?"

2022पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, मार्च 2023पासून बायकांना अर्धं तिकीट. बाजारच्या दिवशी फाट्यावर बघावं. केवळ भाड्यापायी किती जणी घरात अडकल्या होत्या ते कळतं. पण तिच्या आईला फाटाच गाठता येत नाही. गुडघे गेलेत. मोफत प्रवास तिच्यापासून चार किलोमीटरवर थांबलाय. मनावर घेतलं तर होतं, हेही खरं: मानव विकास कार्यक्रमात 125 मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या शाळेच्या वेळा धरून धावतात. वेळ जुळणं हीच तर खरी सवलत. एसटी कर्मचाऱ्यांच्या 2021-22च्या संपात पाच महिन्यांहून अधिक काळ लाल गाड्यांचं वेळापत्रकच कोलमडलं, तेव्हा वाड्यावस्त्यांवरच्या पोरांची शाळा पायांवर आली.

आता तिची लेक अकरावीला आहे. पास त्याच जुन्या पिशवीत असतो. पहाटे मायलेकी बॅटरी घेऊन निघतात. फाट्यावर पोचल्यावर सेल वाचवायला ती बॅटरी विझवते आणि दोघी वळणावर दिवे दिसतात का, ते बघत उभ्या राहतात.